पाठ कोरी ठेवलेली बेसबॉल कार्डे : पणजीत मिळणाऱ्या एका पुनर्मुद्रित संचाविषयी

पणजीत फोंताइन्हासच्या बाजूला जुने नकाशे, पोर्तुगीज काळातील पोस्टकार्डे आणि काडेपेट्यांची लेबले विकणारे एक लहानसे दुकान आहे. तेथे सध्या अमेरिकेतील सर्वांत जुन्या बेसबॉल कार्डांच्या पुनर्मुद्रणाची एक पेटी विक्रीला आहे. पेटीत साठ कार्डे आणि आठ पानांची माहितीपत्रिका असून किंमत पंधराशे रुपयांच्या आसपास पडते. दुकानाचे आणि प्रकाशकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढील मजकुरात तक्रारीचा भाग बराच आहे आणि तो कोणा एकाला उद्देशून लिहावा असे मला वाटत नाही. पेटीची निवड जाणकाराने केलेली आहे, छपाई स्वच्छ आहे, कार्डांचा आकार मुळाबरहुकूम ठेवलेला आहे. आणि एवढे सगळे नीट करून ही कार्डे ज्या कामासाठी जन्माला आली ते कामच प्रकाशकाने पेटीतून गाळून टाकले आहे.

ते काम म्हणजे तंबाखू विकणे. गोव्यातील वाचकाला फुटबॉल आणि क्रिकेट घरचे आहेत, बेसबॉल परका आहे. त्यामुळे ही पेटी हातात घेणारा मनुष्य ती 'परदेशी खेळाडूंची चित्रे' म्हणूनच पाहणार, हे उघड आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ही कार्डे खेळाच्या प्रेमापोटी कोणी छापली नव्हती. सिगारेटींची पाकिटे तेव्हा मऊ कागदाची असत आणि खिशात चेंगरत, म्हणून आत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालण्याची पद्धत पडली. घालायचाच आहे तर कोरा कशाला, असा व्यापारी विचार होऊन त्या तुकड्यावर नट्या, पक्षी, देशोदेशींचे झेंडे, मुष्टियोद्धे आणि अर्थातच बेसबॉलपटू छापले जाऊ लागले. गिऱ्हाईक एक पाकीट घेऊन गप्प बसू नये, पुढच्या पाकिटात कोण निघतो या उत्सुकतेने पुन्हा दुकानाची पायरी चढावे, ही त्यामागची योजना होती.

ही योजना सुचण्यामागे यंत्राचाही हात होता. व्हर्जिनियातील जेम्स बॉन्सॅक याला १८८१ साली सिगारेटी वळणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. हाताने वळणारा कुशल कामगार दिवसाला सुमारे तीन हजार सिगारेटी वळत असे, तर हे यंत्र दहा तासांत एक लाखाहून अधिक सिगारेटी बाहेर काढी. आपल्याकडे विडी आजही हाताने वळली जाते आणि हजार विड्यांमागे मजुरी ठरते; त्यावरून या आकड्यांतील अंतराची कल्पना यावी. माल असा धो-धो तयार होऊ लागल्यावर तो ओढणारी माणसेही तयार करणे भाग होते, आणि त्यासाठी जाहिरातीवर पैसा ओतण्यात जेम्स ब्यूकॅनन ड्यूक या तंबाखूच्या व्यापाऱ्याने सर्वांना मागे टाकले. पेटीतील माहितीपत्रिकेत बॉन्सॅकही नाही आणि ड्यूकही नाही. आठ पानांत खेळाडूंच्या धावांची आणि बळींची आकडेवारी मात्र भरपूर आहे.

आता कार्डांकडे वळतो. साठांपैकी पहिली आठ रिचमंड येथील ॲलन अँड जिंटर कंपनीच्या १८८७ सालच्या 'जगज्जेते' या मालिकेतील आहेत. मूळ मालिका पन्नास चित्रांची होती आणि तिच्यात दहाच बेसबॉलपटू होते. बाकीचे मल्ल, नावाडी, मुष्टियोद्धे, बिलियर्ड खेळणारे आणि नेमबाज. त्या नेमबाजांत बफेलो बिल आणि ॲनी ओकली हेही होते. प्रकाशकाने आठही कार्डे बेसबॉलचीच घेतली, ते संचाच्या विषयाला धरून आहे. तरीही एखादा मल्ल किंवा ॲनी ओकली आत असती, तर कंपनीच्या लेखी बेसबॉलपटू हा गिऱ्हाईक ओढण्याच्या अनेक आमिषांपैकी केवळ एक होता, हे न सांगता कळले असते. रंग मऊ आणि स्वच्छ उतरले आहेत, चेहऱ्यांवरील छटा डोळ्यांना सुखावतात.

त्यानंतरची बारा कार्डे हा या पेटीचा सर्वांत चांगला भाग आहे. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने 'ओल्ड जज' या सिगारेटीबरोबर १८८७ ते १८९० या काळात जी कार्डे दिली, ती चित्रे नसून पुठ्ठ्यावर डकवलेली खरीखुरी तपकिरी छायाचित्रे होती. सुमारे पाचशे खेळाडू आणि दोन हजारांहून अधिक वेगवेगळ्या मुद्रा असा हा पसारा आहे, आणि आजही संग्राहक त्याची मोजदाद पूर्ण झाली असे म्हणायला कचरतात. त्या काळच्या कॅमेऱ्याला धावता खेळाडू टिपणे शक्य नव्हते. म्हणून खेळाडूला स्टुडिओत आणून, मागे रंगवलेला पडदा टांगून, झेल घेतल्याचा किंवा चेंडू टोलवल्याचा आव आणायला लावीत. चेंडू हवेत दिसावा म्हणून तो दोरीला बांधून छतापासून लोंबकळत सोडीत, आणि ती दोरी अनेक कार्डांवर स्पष्ट दिसते. या पुनर्मुद्रणात प्रकाशकाने ती दोरी खोडून काढलेली नाही, ही त्याची मोठी शहाणीव आहे. हल्ली छायाचित्रे 'सुधारण्याचा' जो रोग पसरला आहे तो पाहता हे आवर्जून नोंदवले पाहिजे. एका कार्डावर खेळाडू स्टुडिओच्या जमिनीवर घसरत 'बेस'पाशी, म्हणजे धावपटूने गाठायच्या ठिकाणी, पोहोचल्याचे सोंग करीत आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर मात्र नातलगाच्या लग्नात फोटोग्राफरने ताटकळत ठेवलेल्या माणसाचा कंटाळा आहे. याच गटात माइक केली आहे. शिकागोच्या संघाने १८८७ साली त्याला दहा हजार डॉलरला बोस्टनच्या संघाला विकले, तेव्हा त्या रकमेचा इतका गवगवा झाला की ती त्याच्या नावालाच चिकटली.

या 'ओल्ड जज' कार्डांची पाठ पेटीत कोरी आहे, आणि ते बरोबर आहे, कारण मूळ कार्डांची पाठही कोरीच होती. कंपनीचे नाव आणि 'ओल्ड जज सिगारेट्स' ही अक्षरे समोरच, खेळाडूच्या पायाशी छापलेली असत. म्हणजे जाहिरात आणि खेळाडू एकाच बाजूला, एकाच नजरेत. हे लक्षात ठेवूनच पुढच्या चाळीस कार्डांकडे पाहावे लागते.

कारण ही चाळीस कार्डे १९०९ ते १९११ या काळातील पांढऱ्या चौकटीच्या मालिकेतील आहेत. संग्राहक तिला 'टी-२०६' म्हणतात. हा क्रमांक सिरॅक्यूज येथील जेफरसन बर्डिक या अवलिया संग्राहकाने लावला. त्याची सूची १९३९ साली प्रथम निघाली, आणि तीत एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना 'एन' व विसाव्या शतकातील कार्डांना 'टी' ही अक्षरे दिली गेली. संधिवाताने हात आखडलेल्या या माणसाने तीन लाखांहून अधिक छापील चिटोरी गोळा करून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली आणि १९६३ साली मृत्यू येण्याच्या थोडेच आधी ती चिकटवहीत लावण्याचे काम हातावेगळे केले. पेटीतील पत्रिका 'टी-२०६' हा क्रमांक पानोपानी वापरते. बर्डिकचे नाव एकदाही घेत नाही.

मालिका एकूण ५२४ कार्डांची. एक कार्ड साधारण पावणेचार सेंटिमीटर रुंद आणि पावणेसात सेंटिमीटर उंच, म्हणजे सिगारेटीच्या पाकिटात बरोबर बसेल एवढे. चित्रे शिळाछापाची, अनेक रंगांची. आपल्याकडे राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे ज्या तंत्राने घरोघरी पोहोचली, त्याच तंत्राची ही अमेरिकी भावंडे म्हणता येतील. गोव्यातील जुन्या घरांत अशा एखाद्या तसबिरीवर भिंग धरून पाहिल्यास रंगाचे ठिपके दाट-विरळ, ओबडधोबड, हाताने टाकलेले दिसतात. हेच भिंग या पेटीतील कार्डांवर धरले की ठिपके रांगेत, गोलाकार फुलांच्या नक्षीत बसलेले दिसतात, कारण ही आधुनिक ऑफसेट छपाई आहे. मूळ कार्डावर खेळाडूचे नाव आणि शहर तपकिरी शाईने एकसंध छापलेले असे. येथे ती अक्षरेही ठिपक्यांची आहेत. पुनर्मुद्रण म्हणून यात काही गैर नाही. उलट, उद्या कोणी तुम्हाला जुने कार्ड म्हणून काही विकू पाहील, तेव्हा हीच खूण उपयोगी पडेल, म्हणून सांगून ठेवले.

निवड उत्तम आहे. डेट्रॉइटचा टाय कॉब चारही रूपांत आहे : हिरव्या पार्श्वभूमीवर, लाल पार्श्वभूमीवर, खांद्यावर बॅट घेतलेला आणि खांद्यावरून बॅट उचललेला. क्लीव्हलँडचा साय यंग, न्यूयॉर्कचा क्रिस्टी मॅथ्यूसन, वॉशिंग्टनचा वॉल्टर जॉन्सन हे आहेत. नावात एका अक्षराची चूक होऊन 'मॅगी' छापला गेलेला शेरी मगी आहे, ज्याच्या चुकीच्या कार्डाला शुद्ध कार्डापेक्षा कितीतरी पट भाव येतो. या चाळीस कार्डांच्या समोरच्या बाजूला तंबाखूचा मागमूस नाही. खेळाडू, त्याचे आडनाव, शहर, बस्स. 'ओल्ड जज'च्या कार्डांवर पायाशी असलेली जाहिरात येथे सगळीच्या सगळी पाठीवर गेली होती.

आणि या पेटीत ती पाठ कोरी आहे. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पुनर्मुद्रण' एवढाच अर्थ सांगणारा इंग्रजी शब्द आहे. तो छापला हे प्रामाणिकपणाचे झाले, पण त्याला फार तर एक ओळ पुरते. उरलेली जागा मोकळी सोडण्याचे कारण नव्हते.

मूळ कार्डांच्या पाठीवर काय होते, ते सांगितल्याशिवाय या कोरेपणाने काय हरवले ते कळणार नाही. तेथे सोळा वेगवेगळ्या मालांच्या जाहिराती होत्या. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल या सर्वांत अधिक आढळणाऱ्या. शिवाय सॉव्हरिन, ओल्ड मिल, सायकल, ड्रम, लेनॉक्स, टॉलस्टॉय, एल प्रिन्सिपे दे गालेस, आणि आपल्याला थबकवणारी 'हिंदू' नावाची सिगारेट. त्या काळी अमेरिकेत पूर्वेकडील तंबाखूची हौस होती, आणि त्याच सुमारास मक्का, हसन, फातिमा, टर्की रेड अशा नावांच्या सिगारेटीही कार्डे देत होत्या. सोळांपैकी पोलर बेअर ही सिगारेट नसून चघळण्याची सुटी तंबाखू होती. तिच्या पुडीत सापडलेली कार्डे तंबाखूत थेट बुडालेली असल्यामुळे अनेकदा डागाळलेली मिळतात. एक पाठ तर खुद्द टाय कॉबच्या नावाच्या तंबाखूची होती, आणि ती त्याच्या लाल चित्राच्या मागेच आढळते. बहुतेक पाठींवर 'बेसबॉल मालिका' आणि बहुधा दीडशे किंवा साडेतीनशे चित्रे असल्याची घोषणा असे. ही संख्या वाचून गिऱ्हाइकाने हिशेब करावा की आपल्याजवळ किती आणि अजून किती पाकिटे घ्यायची, हा तिचा उपयोग. खाली कारखान्याचा क्रमांक आणि करविभागाचा जिल्हाही असे.

आता हे सोळा माल सोळा कंपन्यांचे होते असे वाटेल, पण नव्हते. १८९० साली ड्यूकच्या पुढाकाराने पाच मोठ्या सिगारेट कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी झाली. ॲलन अँड जिंटर त्यांतली, 'ओल्ड जज' काढणारी गुडविनही त्यांतली. स्पर्धा संपली तशी कार्डांची गरजही संपली, आणि १८९० नंतरच्या दशकात कार्डे जवळजवळ नाहीशी झाली; १८९५ साली रिचमंडच्या मेयो कंपनीने काळ्या चौकटीची काही कार्डे काढली, तेवढा अपवाद. १९०९ साली कार्डे परतली ती या मक्तेदार कंपनीच्याच छत्राखाली. एकाच छापखान्यातून निघालेले मॅथ्यूसनचे एकच चित्र घ्यायचे आणि त्याच्या पाठीवर कधी पीडमाँट, कधी स्वीट कॅपोरल, कधी आणखी काही छापायचे. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला वाटे की आपण निवड करीत आहोत. पैसा एकाच तिजोरीत जाई. १९११ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कंपनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली मोडून काढली. हा सगळा इतिहास वाचायला वकिली ग्रंथ लागत नाही. एकाच खेळाडूची पाच कार्डे पालथी करून शेजारी शेजारी मांडली की तो टेबलावर दिसतो. या पेटीतील कार्डे पालथी केली की दिसतो तो पांढरा पुठ्ठा.

दुकानदाराशी याविषयी बोललो. गृहस्थ सज्जन आहेत आणि माल दाखवताना हात आखडता घेत नाहीत. "फाटली बाजू कोण पळयता, मास्तर?" (मागची बाजू कोण बघतो?) असे त्यांनी हसून कोकणीत विचारले, आणि मग स्वतःच असा अंदाज केला की तंबाखूच्या जाहिरातीवरील बंदीमुळे प्रकाशकाने सावधगिरी बाळगली असावी. बंदी आहे हे खरेच. २००३ च्या केंद्रीय कायद्याने तंबाखूच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरातींना आळा घातला, आणि गोव्याने तर त्याआधीच, १९९७ साली, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणे व थुंकणे यांविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या जाहिरातीच्या प्रतिकृतीला हे कायदे कितपत लागू होतात, ते सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु सावधगिरी हेच कारण असेल, तर त्याच पेटीतील बारा कार्डांवर समोरच्या बाजूला 'ओल्ड जज सिगारेट्स' ही ठसठशीत अक्षरे कशी राहिली, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. मला वाटते, कारण साधे आहे : पाठ छापायला खर्च येतो, आणि ती कोणी पाहत नाही असे प्रकाशकालाही वाटले.

पाठ गाळल्याचा सर्वांत मोठा फटका ज्याला बसला आहे तो म्हणजे पेटीतील सर्वांत प्रसिद्ध खेळाडू, होनस वॅग्नर. पिट्सबर्गचा हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा क्षेत्ररक्षक) त्या काळचा अव्वल खेळाडू. त्याचे पांढऱ्या चौकटीचे कार्ड फार थोडे छापून थांबवले गेले आणि आज साठाच्या आसपासच प्रती ज्ञात आहेत. २०२२ साली त्यांतील एक ७२.५ लाख डॉलरला विकली गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने पन्नास कोटी रुपयांहून अधिक. पेटीच्या झाकणावर अर्थातच वॅग्नर आहे. चित्राची नक्कल निर्दोष आहे. त्या काळच्या शासकीय लेखनानुसार शहराच्या नावातील शेवटचे 'एच' हे अक्षर गाळलेले आहे, तेही जसेच्या तसे ठेवले आहे. पत्रिका मात्र ठामपणे सांगते की वॅग्नरला तंबाखूचा तिटकारा होता आणि मुलांनी सिगारेटी घेऊ नयेत म्हणून त्याने परवानगी नाकारली.

गोष्ट इतकी सरळ नाही. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे, आणि त्याआधी एका सिगार विक्रेत्याच्या जाहिरातीवर त्याचे चित्र आलेले होते. १९१२ साली एका क्रीडा साप्ताहिकात छापून आलेली हकिगत अशी की कंपनीने पिट्सबर्गच्या एका क्रीडावार्ताहराला वॅग्नरची परवानगी मिळवून दिल्यास दहा डॉलर देऊ केले होते. वॅग्नरने नकार दिला आणि वार्ताहराचे नुकसान नको म्हणून स्वतःच दहा डॉलरचा धनादेश पाठवला. मुलांविषयीची काळजी हे एक कारण सांगितले जाते, आपल्या चेहऱ्याचा मोबदला मिळाला नाही हे दुसरे सांगितले जाते, आणि दोन्ही कारणे एकाच माणसाच्या मनात असू शकतात. कार्डांच्या मागे मुले लागत होती, हे मात्र निर्विवाद आहे. तंबाखूच्या दुकानाच्या दाराशी उभे राहून बाहेर पडणाऱ्या पुरुषांजवळ 'कार्ड द्या' म्हणून मागणाऱ्या पोरांची वर्णने त्या काळच्या आठवणींत सापडतात. वॅग्नरने नकार दिला तो या पाठीला. ती पाठच नसलेले वॅग्नरचे कार्ड हातात घेऊन त्याने नेमके काय नाकारले, हे मुलांना कसे समजावून सांगायचे?

ज्यांना पाठ पाहायची आहे त्यांच्यासाठी एक फुकटचा मार्ग आहे, आणि तो या पेटीपेक्षा सरस आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १८८७ ते १९१४ या काळातील २,१०० बेसबॉल कार्डे आंतरजालावर खुली केली आहेत. बेंजामिन एडवर्ड्स या संग्राहकाचा हा संग्रह कवी कार्ल सँडबर्ग यांनी १९५४ साली त्या ग्रंथालयाला दिला. प्रतिमा मोठ्या आकारात उतरवून घेता येतात आणि अनेक कार्डांच्या मागच्या बाजूही तेथे पाहता येतात. शोध इंग्रजीतच करावा लागतो आणि खेळाडूंची नावे आधी ठाऊक असावी लागतात. त्यासाठी पेटीतील पत्रिकेचा उपयोग होतो, एवढे श्रेय तिला द्यावे लागेल. मी मॅथ्यूसनच्या कार्डाच्या दोन्ही बाजू उतरवून घेऊन पणजीतच जाड कागदावर छापून घेतल्या. पाकिटाएवढे ते कार्ड बोटांत उलटसुलट फिरवताना जे कळते, ते काचेच्या पडद्यावर बोट फिरवून कळत नाही.

प्रकाशकाने पुढची आवृत्ती काढली, तर माझी आणखी एक सूचना आहे. हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. इंग्लंडच्या विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंची सिगारेट-कार्डे काढली, त्यांत आपले रणजितसिंहजी होते. त्याच वर्षी त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध मँचेस्टरला कसोटी पदार्पणात नाबाद १५४ धावा केल्या होत्या. १९१० साली कोलकात्यात स्थापन झालेली इम्पीरियल टोबॅको कंपनी पुढे आयटीसी झाली, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'विल्स' हे नाव भारतीय संघाच्या अंगरख्यावर आणि १९९६ च्या विश्वचषकावर आले. २००१ साली कंपनीने खेळांच्या प्रायोजकत्वातून माघार घेतली. ज्यांनी तो विश्वचषक दूरदर्शनवर पाहिला त्यांना खेळाडू आणि सिगारेट यांची सांगड आठवावी लागणार नाही. मधल्या काळात तंबाखूची जागा गोड पदार्थांनी घेतली. अमेरिकेत १९१४ साली क्रॅकर जॅक या खाऊच्या डब्यातून आणि १९३३ पासून गौडीच्या च्युइंगगममधून कार्डे निघू लागली. आपल्याकडे 'बिग फन'च्या वेष्टनातील क्रिकेटपटू जमवलेली पिढी आता पन्नाशीकडे झुकली आहे. माल बदलला, आमिषाची रीत तीच राहिली. रणजितसिंहजींचे एक कार्ड या पेटीत असते, तर मराठी वाचकाने ती उघडताच विषयाचे टोक हाती धरले असते.

कागदाच्या टिकाऊपणाविषयी दोन शब्द. गोव्याचा पावसाळा कागदाला मानवत नाही. चार महिने ओल, बुरशी आणि कसर यांच्याशी झुंज असते. पेटीचे झाकण घट्ट बसत नाही आणि आतल्या कप्प्यांना अस्तर नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर ती उघड्या शेल्फवर ठेवू नये. कार्डे प्लास्टिकच्या पाकिटांत घालून, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. पुठ्ठा बऱ्यापैकी जाड आहे आणि कडा लवकर दुमडत नाहीत. एका पावसाळ्यात माझ्या कार्डांवर डाग पडलेला नाही, मात्र पत्रिकेच्या पानांना लाट आली आहे.

पंधराशे रुपयांत या संचातून काय मिळते, तर बारा अस्सल गमतीची 'ओल्ड जज' छायाचित्रे, आठ सुरेख शिळाछापी चित्रांच्या चांगल्या नकला आणि चाळीस अर्धी कार्डे. दुकानदार मागणी केल्यास 'ओल्ड जज'चा बारा कार्डांचा गट सुटा देतो, त्याला साधारण चारशे रुपये पडतात. मी विकत घ्यायला सांगेन तो तेवढाच गट, आणि उरलेल्या पैशांत लायब्ररी ऑफ काँग्रेसची हवी ती कार्डे दोन्ही बाजूंनी छापून घ्यावीत. छापखानेवाल्याला आधी बजावून सांगावे की समोरची आणि मागची बाजू एकमेकींशी नीट जुळवून घे, नाहीतर कापताना जाहिरातीतील कारखान्याचा क्रमांक हमखास छाटला जातो.